माझं झाकण देवापाशी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मी रागावलेलो आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूनं आपली कहाणी हळुवारपणे सांगावी आणि शेवटी एक सुस्कारा टाकावा, अशी तुमची अपेक्षा असेल. सुस्कारा टाकायला माझी ना नाही, पण आधी मला भांडून घेऊ द्या. अकरा वर्षं मी इमानानं काम केलं. आणि एका उन्हाळ्यात माझ्याच माणसांनी माझ्या बुडाचं झाकण काढलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. तेही म्हणे माझ्या भल्यासाठी! ऐका तर खरं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालूनच मला हात लावत. माझ्या पोटात धुळीचा एक कण गेला तरी मला पुन्हा उघडत आणि पुन्हा पुसत. तेव्हा मला वाटलं, जगात सगळीकडे आपली अशीच बडदास्त ठेवली जाणार. हात्तिच्या! नागपूरच्या दुकानातून मी पुलगावला आलो तो पिशवीत संत्र्यांच्या शेजारी बसून.

मला विकत घेतलं वर्षालीनं. ती तेव्हा पुलगावच्या एका स्टुडिओत कामाला होती. माणसाला स्टुलावर बसवायचं, 'मान सरळ, हनुवटी थोडी खाली' म्हणायचं आणि पासपोर्टचा फोटो काढायचा, एवढंच काम तिच्या वाट्याला यायचं. लग्नाच्या ऑर्डरी मालक स्वतः करायचे. "बाईमाणूस लग्नाचे फोटो कसे काढन?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. वर्षालीनं पगार साठवला आणि मला आणलं. घरी आल्यावर तिनं आधी हात धुतले, कोरडे केले आणि मगच मला खोक्यातून बाहेर काढलं. मला ती मुलगी तिथंच आवडली.

मग आमचे दिवस सुरू झाले. शाळांच्या ओळखपत्रांसाठी आम्ही गावोगाव फिरलो. नाक पुसलेली, न पुसलेली, रडणारी, दात पडलेली, किती मुलं मी पाहिली असतील! पुढं वर्षालीचं लग्न झालं आणि मीही तिच्याबरोबर नाचणगावला नांदायला आलो. तिचा नवरा कैलास पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. माणूस सोन्यासारखा. "बाईमाणूस" वगैरे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. उलट घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्यापुढं मला ठेवायचा. माझ्या अंगावरचं रबर सुटू लागलं, तेव्हा त्यानं ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलं. वासानं माझा जीव गेला, पण त्याची माया मला कळली.

माझ्या सगळ्या कामगिरीत एक फोटो मला फार प्रिय आहे. गावात देवकाबाई नावाची एक आजी राहते. तिचा एकही फोटो कधी धड आला नव्हता, कारण बटण दाबलं की तिचे डोळे मिटायचे. मतदान कार्डावरसुद्धा ती झोपलेली आहे! वर्षाली एका सकाळी कापूस वेचणीच्या वेळी तिच्या शेतात गेली आणि मला गळ्यात अडकवून तासभर नुसती गप्पा मारत बसली. आजीला माझा विसर पडला. कुठल्याशा गोष्टीवर ती खळखळून हसली आणि वर्षालीनं तेवढ्यात मला इशारा केला. त्या फोटोत आजीचे दोन्ही डोळे टक्क उघडे आहेत. फोटो हातात घेऊन ती म्हणाली, "माय व! मी अशी दिसतो काय? म्या मले आज पाह्यलं." तो फोटो त्यांच्या घरात दारासमोरच लावलेला आहे. इतकं कौतुक मला पुन्हा कुणी केलं नाही.

आता रागाची गोष्ट सांगतो.

आमच्या घरी दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. कैलास त्याचे पाने, पकडी, तारेची रिळं मांडतो आणि मधोमध मला बसवतो. मान मोठा होता, मी नाही म्हणत नाही. पण गेल्या वर्षीच्या दसऱ्याला माझी बॅटरी चार्जिंगला लावलेली होती आणि माझ्या बुडाचं झाकण उघडंच होतं, म्हणून मला पाटावर उलटं ठेवलं होतं. कैलासनं पाण्यात कालवलेलं हळदीकुंकू भक्तिभावानं मला लावलं आणि त्याचा एक चांगला ओघळ झाकणातून आत गेला. आत बॅटरीचे दाते टेकतात ती पितळी टोकं असतात. ओघळ नेमका तिथं जाऊन वाळला. वरून फूल आलं, आपट्याचं पान आलं, उदबत्तीची राख आली. वर्षाली स्वयंपाकघरात पुरणात गुंतलेली. "नंतर पुसतो," असं कैलास म्हणाला. मित्रांनो, हा 'नंतर' फार वाईट! तो आमच्याकडे अजून यायचाच आहे.

त्या दिवसापासून माझं बिनसलं. भरलेली बॅटरी घातली तरी मी मधेच डोळे मिटू लागलो. टोकांवर कुंकवाची खपली, तर शक्ती माझ्यापर्यंत पोचणार कशी? पण मला बोलता येत नाही. माझ्या पडद्यावर बॅटरी संपल्याची लाल खूण दिसायची आणि सगळे म्हणायचे, "म्हातारा झाला आता." म्हातारा! पोटात कुंकू यांनी ओतायचं आणि म्हातारा मी!

एप्रिलात देवळीच्या एका लग्नात तर ऐन आहेरात मी बंद पडलो. आमच्याकडे आहेराचा फोटो म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. नवरानवरीच्या शेजारी उभं राहून प्रत्येक पाहुण्याचा एकेक फोटो. अल्बममध्ये आपला फोटो नसला की तो पाहुणा रुसलाच समजा. त्या दिवशी आम्ही बंद पडलो, तेव्हा मंचावर पुंडलिकराव उभे होते. हे देवकाबाईचे थोरले चिरंजीव. तोंडावर हसू आणून ते बिचारे दहा मिनिटं तसेच उभे. वर्षालीनं बॅटरी काढून घातली, काढून घातली, तेव्हा कुठं मी जागा झालो.

पुढच्याच आठवड्यात पुंडलिकराव आमच्या घरी आले. त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं, काजलचं, लग्न ठरलं होतं. घरात शब्द चालतो तो पुंडलिकरावांचा. त्यांनी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं.

"येवढासा कॅमेरा! वर्षाली, तो वर्ध्याच्या लग्नात पाह्यला म्या, दोन हातानं धरा लागे. हा त पोट्ट्यायच्या खेळण्यासारका दिसून राह्यला."

"काकाजी, फोटो कसे येतात ते पाहा ना. आजीचा फोटो याचाच हाय."

"म्हणूनच त आलो! माय हट्ट धरून बसली, वर्षालीच पाह्यजे म्हणते. पण चार पाहुण्यायत आमची इज्जत हाय का नाई? मोठा कॅमेरा आनजो. नाईतर नालवाडीच्या निकेशले सांगतो. बाईमाणसाच्या भरवशावर लग्न सोडता येत नाई."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझ्या अंगाचा भडका उडाला. आणि वर्षालीचा चेहरा? पुलगावच्या स्टुडिओत होता तसाच झाला. अकरा वर्षं मागं गेल्यासारखी ती उभी राहिली. पुंडलिकरावांच्या घरचं लग्न हातचं गेलं असतं, तर नाचणगावात तिला पुन्हा लग्नाला कुणी बोलावलं नसतं. परत ओळखपत्रं, परत 'हनुवटी खाली'.

तेव्हा आमच्या घरात बॅटरी ग्रिपची चर्चा सुरू झाली. ग्रिप म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या बुडाला जोडायचा एक डबा असतो. त्यात दोन बॅटऱ्या बसतात आणि कॅमेरा आडवा न धरता उभा धरला तर बोटाशी येईल असं एक जास्तीचं बटण त्याला असतं. तो लावला की आम्ही दीडपट उंच दिसतो. कैलासला ही युक्ती मोबाइलवर सापडली आणि तो हरखला.

"त्यानं फोटो चांगला येते काय?" वर्षालीनं विचारलं.

"फोटो तोच येते. पण दिसते मोठा."

"मंग कायले घ्याचा?"

"अवं, लोकाइले दिसा लागते. अन् दोन बॅटऱ्या! आहेरात बंद पडाची भीती नाई."

"पह्यले त एकच बॅटरी दिवसभर पुरे. आताच काऊन पुरत नाई?"

शाब्बास! मित्रांनो, हाच तो प्रश्न! मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं, माझं पोट उघडून पाहा, तुझ्या नवऱ्याचा दसरा आत वाळलाय! पण कैलास म्हणाला, "जुना झाला तो," आणि विषय संपला.

मी ग्रिपचा दुश्मन नाही बरं का. उभे फोटो काढताना कोपर वर करून वर्षालीचं मनगट दुखतं, ते मी रोज पाहतो. त्या कारणासाठी तिनं ग्रिप घेतली असती, तर मी आनंदानं ओझं वाहिलं असतं. पण दुखणं एक आणि औषध भलतंच, याचा मला संताप येत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तीन दिवस तिचा निर्णय होईना. चौथ्या दिवशी ती वर्ध्याला एका दुकानात मला घेऊन गेली. माझ्या जातीची अस्सल ग्रिप आता निघत नाही, असं दुकानदार म्हणाला. त्यानं दुसऱ्याच कुठल्या कंपनीची पुढं केली. वर्षालीनं ती हातात तोलली, खाली ठेवली, "राहू द्या" म्हणाली आणि जिना उतरली. खाली रस्त्यावर ती बराच वेळ उभी राहिली. 'बाईमाणसाच्या भरवशावर' हे शब्द तिच्या कानातून जात नव्हते. ती परत वर गेली आणि ग्रिप घेतली. मला तिच्यावर रागावता आलं नाही. राग सगळा त्या शब्दांवर होता.

संध्याकाळी कैलासनं ग्रिप जोडायला घेतली. ती जोडायची तर माझं बॅटरीचं झाकण काढावं लागतं, कारण तिचा खुंटा बॅटरीच्या जागेत घुसतो. त्यानं नखानं खट करून झाकण उचकटलं. अकरा वर्षं जे झाकण माझ्या अंगाचा भाग होतं, ते त्याच्या तळहातावर एवढंसं दिसत होतं.

"लहान वस्तू हाय, हरवून जाईन," तो म्हणाला. "देवापाशी ठेवतो."

आमच्या घराची ही रीतच आहे. जे हरवू नये ते देवापाशी. कपाटाची किल्ली देवापाशी, गॅसचं पुस्तक देवापाशी, मोटारीचा न मिळणारा स्क्रू देवापाशी. देवाला बिचाऱ्याला बसायला जागा नाही! अरे बाबा, झाकण ठेवायची जागा ग्रिप करणाऱ्यानं ग्रिपमध्येच केलेली असते! तिच्या खुंट्याच्या बाजूला बघ, बरोबर त्याच मापाची खाच आहे! पण ऐकतो कोण? त्यानं झाकणाला कुंकवाचं बोट लावलं आणि गणपतीच्या मागं ठेवून दिलं.

आणि पुंडलिकराव? त्यांनी मला त्या डब्यावर चढलेलं पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "आता कसं! हा झाला कॅमेरा!" तोच डोळा, तेच काळीज, तोच मी. फक्त बुडाखाली पाट आला, तर मी कॅमेरा झालो! तेव्हा मला इतकं लागलं, की वाटलं, आता एकही फोटो काढू नये. पण वर्षालीनं सुटकेचा श्वास सोडला, तो ऐकून मी गप्प बसलो.

लग्न मे महिन्यात, सिंदी मेघेच्या एका सभागृहात होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. आमच्याकडे मुहूर्त पत्रिकेत असतो आणि वरात चौकात असते. एक वाजून गेला तरी नवरदेवाकडची मंडळी बँडपुढं उन्हात नाचत होती. वर्षाली मला घेऊन वरातीच्या पुढं उलट पावलांनी चालत होती. नवरदेव घोडीवर, मागं फेट्यांची गर्दी. फोटो मोठा सुरेख येणार होता. तिनं बटण दाबलं आणि मी मेलो.

व्हायचं तेच झालं होतं. ग्रिपमध्ये दोन सोडून दहा बॅटऱ्या असत्या, तरी त्यांची शक्ती येणार होती ती माझ्या त्याच कुंकवानं माखलेल्या टोकांमधून! उलट त्या नकली खुंट्याचा स्पर्श आणखी ढिला. तिनं ग्रिप दाबली, हलवली, बॅटऱ्या बदलल्या. मी हूं का चूं केलं नाही.

"काऊन थांबली?" पुंडलिकराव धावत आले.

"दोन मिनिटं द्या, काकाजी."

"पाह्यलं? पाह्यलं? सांगतलं होतं म्या मायले!" पन्नास माणसांच्या देखत ते ओरडले. "बाईमाणसाचं काम नाई हे!" आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी नालवाडीला निकेशला फोन लावला. तो अर्ध्या तासात पोचतो म्हणाला. पुंडलिकराव बँडवाल्यांकडे वळले. "वाजवा अजून! नाचू द्या त्याइले!"

अहो, स्वतः डबा लावायला लावला आणि डबा बंद पडला, तर दोष तिचा! माझ्यात बोलायची शक्ती असती, तर त्या चौकात मी त्यांची हजेरी घेतली असती. वर्षाली मात्र वरातीतून बाजूला झाली. मला छातीशी धरून ती नवरीच्या खोलीत आली. तिथं कूलरसमोर काजल नटून बसली होती आणि शेजारी देवकाबाई. वर्षालीनं ग्रिप काढून टेबलावर ठेवली आणि एक बॅटरी थेट माझ्या पोटात घातली. मी तरीही उठलो नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. झाकण लागल्याशिवाय मी चालूच होत नाही!

तिनं कैलासला फोन केला. त्याला एक मोटार पोचवून जेवणाच्या वेळेला यायचं होतं, म्हणून तो अजून घरीच होता.

"अवो, याचं झाकण कुठं हाय?"

"देवापाशी. कायची फिकर करू नको, एकदम जपून ठेवलं हाय."

वर्षालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. नाचणगावाहून सिंदी मेघेला यायला त्याला तास लागला असता. जपून ठेवलं हाय म्हणे! तुझ्या जपण्याला काय म्हणावं रे कैलास!

"काय झालं व माय?" देवकाबाईनं विचारलं.

"आजी, याचं झाकण घरी राह्यलं. झाकणाबिगर हा चालू होत नाई."

"काऊन? झाकणानं फोटो काढते काय तो?"

आजीनं सहज विचारलं, पण वर्षाली थबकली. खरंच, झाकणाचा आणि फोटोचा काय संबंध? तिनं मोबाइलचा उजेड पाडून माझ्या पोटात पाहिलं. काठाला एक बारीकशी कळ होती. झाकण लागलं की ती दाबली जायची. फ्रिजच्या दाराला असते ना, दिवा मालवणारी, तशीच. आणि त्याच उजेडात तिला खोल आतली पितळी टोकं दिसली. पिवळी-लाल, खरपुडलेली.

"अगं बाई! हे त कुंकू हाय!" ती एकदम खाली बसली. "दसऱ्यापासून हा बिचारा असाच…"

मित्रांनो, त्या 'बिचारा' शब्दानं माझं सात महिन्यांचं दुःख हलकं झालं.

"आजी, एखादं मऊ फडकं हाय काय? रुमाल कडक हाय."

देवकाबाईनं आपला पदर पुढं केला. लग्नासाठी सुनांनी तिला नवं रेशमी लुगडं आणलं होतं, पण ती आपलं जुनं सुतीच नेसून आली होती. "घे, यानं पूस. धुऊधुऊ लोणी झालं हाय." वर्षालीनं पूजेच्या ताटातली काडेपेटी घेतली, एका काडीच्या टोकाला पदराचं टोक गुंडाळलं आणि श्वास रोखून एकेक टोक घासलं. पदराला लाल डाग पडत गेले आणि आजी पदर तसाच धरून वाकून उभी राहिली. त्या खोलीत दोन बायका माझ्यासाठी घामाघूम झाल्या होत्या.

टोकं चकाकली. मग तिनं दुसरी काडी मोडली, तिचा तुकडा कळीवर बसवला आणि वर चिकटवायला काही मिळतं का ते शोधू लागली. काजलनं मेंदीचा पाय पुढं केला. नव्या चपलेनं टाच सोलली होती, म्हणून तिच्या पर्समध्ये जखमेवर लावायच्या पट्ट्या होत्या. "ताई, ही लाव." अशा रीतीनं एका नवरीची पट्टी माझ्या बुडाला लागली.

आणि मी डोळे उघडले! पडद्यावर बॅटरी पूर्ण भरलेली. वर्षालीनं पहिला फोटो समोरच्या देवकाबाईचा काढला. आजी डागाळलेला पदर धरून हसत होती आणि तिचे डोळे टक्क उघडे होते.

आम्ही बाहेर आलो, तेव्हा वरात दारात पोचत होती आणि निकेशही आला होता. त्याच्या गळ्यात भला मोठा कॅमेरा, बुडाला ग्रिप. मला वाटलं, आता हा माझी टर उडवणार. पण त्यानं माझ्या बुडाची काडी आणि पट्टी पाहिली आणि मोठ्यानं हसला. "वा ताई, इंजिनेर हाय तुमी!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मायाही डब्यात एकच बॅटरी असते. दुसरी जागा रिकामीच. लोकाइले मोठा लागते, काय करता?" बडा घर पोकळ वासा, दुसरं काय! वर्षालीनं बाहेर आणून मंचाजवळच्या टेबलावर ठेवलेली आमची ग्रिप त्यानं उचलली आणि तिच्या खुंट्याच्या बाजूची खाच वर्षालीला दाखवली. "झाकण इथंच ठेवाचं असते ना." वर्षालीनं कपाळावर हात मारला. मी तर कधीपासून मारत होतो! "तुमचं चालू झालं, मंग मी कायले राहू?" असं म्हणून तो भला माणूस जेवायला बसला.

अंतरपाट दूर झाला, हार पडले, अक्षता उडाल्या. मी एक क्षण सोडला नाही. मग आहेर सुरू झाला. अडीच तास पाहुण्यांची रांग संपेना. मी एकट्या बॅटरीवर, काडी खोचलेल्या बुडानं, एकेकाला टिपत होतो आणि लाल खूण काही आली नाही.

शेवटी पुंडलिकराव मंचावर आले. त्यांनी फेटा सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वर्षाली, तो मोठा डबा लाव ना व. माया फोटो त्यानं काढ."

सगळी रांग ऐकत होती. वर्षालीनं मला डोळ्यावरून खाली घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "काकाजी, डबा तिकडं टेबलावर हाय. पाह्यजे त हातात धरून उभे राहा. फोटो मात्र हाच काढन, अन् बाईमाणूसच काढन."

रांगेत हशा पिकला. सगळ्यांत आधी देवकाबाई हसली. पुंडलिकराव नवरानवरीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आणि बटण दाबताच त्यांचे डोळे मिटले! शेवटी आईचाच मुलगा. वर्षालीनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "काकाजी, परत एक घेतो. डोळे उघडे ठेवा." मी तिच्या जागी असतो, तर घेतला नसता. पण म्हणून तर ती वर्षाली आहे आणि मी नुसता कॅमेरा.

त्या घरी दारासमोर आता दोन फोटो आहेत. दुसऱ्यात आजीच्या पदरावर लाल डाग दिसतात. डाग धुऊन निघेनात, तेव्हा आजीनं पदराची तेवढी पट्टी फाडून वर्षालीला दिली. "याच्यानंच पुसत जाजो त्याले," ती म्हणाली. ग्रिप कपाटात आहे. मनगट फार दुखलं तर लावीन, असं वर्षाली म्हणते. माझी हरकत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. ती अडखळू लागली, तर लगेच म्हातारी म्हणू नका आणि तिच्यावर नवा साज चढवू नका. आधी तिचं पोट उघडून पाहा. तुमचाच काही ओघळ आत वाळलेला असेल. आम्हाला हार नको, मखर नको, मोठेपणाचा पाट नको. आम्हाला वेळच्या वेळी पुसा.

यंदाच्या दसऱ्याला वर्षालीनं आधी मला आजीच्या पदराच्या पट्टीनं स्वच्छ पुसलं, मगच पाटावर ठेवलं. कैलास हळदीकुंकवाची वाटी घेऊन आला, तसा तिनं त्याचा हात धरला. "त्याले नाई. त्याच्या पिशवीले लावा." कैलास हसला आणि त्यानं पिशवीला बोट लावलं. माझं झाकण माझ्या बुडाला घट्ट बसलेलं होतं. गणपतीच्या मागं थोडी जागा झाली होती, तिथं त्यानं लगेच एक स्क्रू ठेवला.